पंखाखालची जमीन

सकाळचे सव्वासहा वाजलेत. पौड आणि पिरंगुटच्या मधल्या एका माळावर दोन पोरं वाकून चुना टाकतायत. एकाच्या हातात तुपाचा जुना डबा, तळाला खिळ्याने पाडलेली भोकं. दुसऱ्याने सुतळी ताणून धरलीय. गोल काढून झाला. आता गोलाच्या पोटात मोठा एच. त्याचा उजवा पाय जरा वाकडा गेलाय.

"पुसून परत काढ रे," ताई म्हणतात.

पोरगा चपलेनेच पुसतो. परत सुतळी ताणतो.

मे संपत आलाय. खाचरं रिकामी आहेत, माती तडकलेली. कडेला राब भाजल्याची काळी राख. एक टिटवी ओरडत उठते, आमच्या डोक्यावर दोन फेऱ्या मारते आणि पुन्हा जवळच कुठेतरी बसते. पश्चिमेला डोंगरांच्या माथ्यावर ढगाची पातळ रेघ आहे. ताई दर पाच मिनिटांनी तिकडे बघतात.

ताईंचं काम असं. खासगी विमान किंवा हेलिकॉप्टर घेऊन कुणी येणार असलं, की ते कुठे टेकेल, तिथे त्याला कोण हात लावेल, इंधन कोण भरेल, माणसं उतरून गाडीपर्यंत कशी जातील, हे सगळं आधी ठरवायचं. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येतं, त्यामुळे पाहुण्यांना तोटा नाही. कधी कंपनीचे संचालक, कधी परदेशी ग्राहक. कधी रुग्णही. धंद्यात याला ग्राउंड हँडलिंग म्हणतात. ताई नुसतं "खालचं काम" म्हणतात. त्या भूगावात राहतात, चाळिशी ओलांडलीय, पायात बूट, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. काखेत लाल पाठीची लांबट वही, वाण्याकडे उधारीची असते तशी.

टँकर येतो. १०,००० लिटरचा. मागच्या नळाला फाटकी पट्टी बांधलीय, पाणी पंख्यासारखं पसरतं. माळ ओला होत जातो, मातीचा वास उठतो. हे पाणी मारलं नाही, तर हेलिकॉप्टर जमिनीपासून वीसेक फुटांवर आलं की खालची सगळी धूळ उठते, वैमानिकाला समोरचं काही दिसत नाही, आणि नेमका तोच क्षण टेकण्याचा असतो. म्हणून पाणी. गोलापुरतं नव्हे, गोलाच्या चौफेर, दूरवर.

बांधावर तीन बाया हंडे घेऊन उभ्या आहेत. त्या टँकरकडे बघतायत. धरणाचा तालुका, पण उन्हाळ्यात वरच्या वाड्यांना प्यायचं पाणी लांबून आणावं लागतं. ताई टँकरवाल्याला हाक मारतात. "अर्धा ठेवायचाय, लक्षात आहे ना? वाडीच्या टाकीत सोडून जा." तो मान हलवतो. हे कालच ठरलेलं आहे, वहीत लिहिलेलं आहे. बाया तरीही हलत नाहीत. पाणी टाकीत पडेपर्यंत त्या हलणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

जमिनीचे मालक नाना काठी टेकत येतात. त्यांचं मूळ गाव मुळशी धरणाच्या पाण्याखाली आहे. १९२१ साली सेनापती बापटांच्या मागे इथले शेतकरी जमिनीसाठी उभे राहिले, धरण तरीही झालं. जमीन द्यायची म्हटलं की इथला माणूस दोनदा विचार करतो. नाना माळ फक्त सकाळपुरता देतात.

"तेल सांडणार नाय ना?" ते विचारतात.

"नाही नाना. इथे तेल भरतच नाहीत. जायचं-यायचं तेल ते जुहूवरनंच घेऊन येतात."

"आन् गुरं बांधलीत. म्हस तेवढी सुटलीय."

एक पोरगा म्हशीमागे धावतो. दुसरा माळावरून प्लास्टिकच्या पिशव्या गोळा करतोय. गुटख्याची पाकिटं, एक फाटकी चप्पल, पतंगाचा मांजा. पंख्याच्या वाऱ्याने पिशवी वर उडाली आणि इंजिनात ओढली गेली, तर पुढचं बोलायची सोय नाही. ताई स्वतः चालत येतात, गोलाच्या बाहेर पन्नास पावलं, आणि जे दिसेल ते उचलतात. मीही उचलतो. माझ्या हाती एक गंजलेला पत्रा लागतो. ताई तो बघतात आणि काही न बोलता पोत्यात टाकतात.

बांबूला पट्ट्यांची कापडी नळी बांधलीय. ती आता किंचित पूर्वेकडे फुगलीय. म्हणजे वारा पश्चिमेकडून. गोलाच्या कडेला अग्निशामक नळकांडी, चार. रस्त्याच्या कडेला रुग्णवाहिका, तिचा ड्रायव्हर पुढच्या सीटवर डोळे मिटून. ताई त्याला उठवत नाहीत, पण किल्ली कुठे आहे ते बघून येतात. पिशवीत कागद आहेत. नानांची संमती. प्रशासनाला आणि पोलिसांना दिलेली पत्रं, त्यांच्यावर पोच.

आणि एक छोटा कागद, ज्यावर फक्त अक्षांश-रेखांश. हा कागद ताईंनी जुहूला तीनदा वाचून दाखवलाय. १८ अंश ३१.५ मिनिटं उत्तर. हेच कुणी घाईत १८.३१५ अंश असं लिहिलं, तर हेलिकॉप्टर इथून सरळ दक्षिणेला तेवीस किलोमीटरवर पोचेल. म्हणजे वेल्ह्याच्या डोंगरात. आकडे तेच, टिंबाची जागा तेवढी वेगळी. ताई म्हणूनच फोनवर "अंश" आणि "मिनिटं" हे शब्द मोठ्याने म्हणतात, शाळेत पाढे म्हणावेत तसे.

साडेसात. फोन वाजतो.

जुहूहून विचारणा आहे. माळावर काय दिसतंय? ताई उत्तरेकडे वळतात. समोरची टेकडी तीन किलोमीटरवर. तिच्यामागची सोंड सातवर. ही अंतरं त्यांनी आधीच मोजून वहीत लिहिलीत. नजरेने बघून उडायचं, तर पाच किलोमीटर स्वच्छ दिसायला हवं. "टेकडी पूर्ण दिसतेय. मागची सोंड निम्मी. पश्चिमेला ढग खाली आलाय, घाटमाथा झाकलाय." त्या जे दिसतंय तेवढंच सांगतात. "या" असंही नाही, "येऊ नका" असंही नाही. तो निर्णय वैमानिकाचा. पण त्याचे डोळे आता यांच्याकडे आहेत.

फोन ठेवल्यावर त्या गप्प राहतात. या तालुक्याने २०२४ साली दोन अपघात बघितले. ऑगस्टमध्ये पौडजवळ पावसात हेलिकॉप्टर पडलं, आतले चौघे वाचले. ऑक्टोबरच्या दुसऱ्या तारखेला सकाळी बावधनच्या डोंगराळ भागात धुक्यात एक पडलं, आतल्या तिघांपैकी कुणी वाचलं नाही. इथून बावधन लांब नाही. माळावरची पोरंही ते बोलत नाहीत, पण ढगाकडे सगळेच बघतायत.

थांबणं सुरू होतं. ऊन चढतं. ओला माळ वाफ सोडायला लागतो. ताई टँकरवाल्याला पुन्हा एक फेरी मारायला सांगतात, थोडंसंच. नाना बांधावर बसून तंबाखू मळतात. हिंजवडीहून आलेल्या दोन गाड्या एसी चालू ठेवून उभ्या आहेत. ड्रायव्हर बाहेर येऊन चहाची चौकशी करतो. चहा कुठे आहे इथे. वाडीतली एक मुलगी किटली घेऊन येते, ग्लास कमी पडतात, आम्ही दोघांत एक पितो.

जुहू ते हा माळ सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटर. मध्ये सह्याद्री. जुहूचं विमानतळ १९२८ सालचं, देशातलं पहिलं नागरी विमानतळ. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे तिथे उतरले. त्या लहान विमानासाठी अहमदाबादला इंधन तयार ठेवणारी, ते वेळेवर ओतणारी माणसं होती म्हणून ते पुढे गेलं. त्या माणसांचा विचार मला आज पहिल्यांदा येतोय, हा किटलीतला चहा पिताना.

आठ वाजून वीस. ढगाची रेघ उचलते. घाटमाथ्याचा निळा दात बाहेर येतो. फोन. "निघालो."

तेहतीस मिनिटांनी आधी आवाज येतो. मग ठिपका. गोलाच्या चारी बाजूंना पोरं उभी आहेत, गावकऱ्यांना हातांनी मागे ढकलत. ताई त्यांना शेवटचं बजावतात. शेपटीकडून जायचं नाही. मागचा पंखा फिरताना दिसत नाही, म्हणून. पुढून जायचं, वैमानिकाची नजर मिळाल्यावर, वाकून. हेलिकॉप्टर डोक्यावरून एक फेरी मारतं, कापडी नळीकडे बघून वाऱ्यावर तोंड घेतं आणि उतरायला लागतं. करवंदीच्या जाळ्या आडव्या होतात. नानांची टोपी उडते. ओली माती उडत नाही. पंख्याच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तेरा मीटरचं ते धूड एचच्या दोन पायांमध्ये अलगद बसतं. मोठ्या जातीचं असतं तर सतरा मीटर, मग गोलही मोठा काढावा लागला असता.

चार पाहुणे उतरतात. चौघांची वजनं ताईंना पाठ आहेत, आणि बॅगांचीही. ती आधी मागवावी लागतात, कारण जायचं-यायचं तेल पोटात घेऊन आलेल्या हेलिकॉप्टरला किलोकिलोचा हिशेब असतो. गाड्या निघून जातात. पंखा थांबतच नाही. चार मिनिटांत ते पुन्हा वर उठतं.

ताई वहीत लिहितात. ढगासाठी थांबणं, ५० मिनिटं. उतरणं ते गाडी, ३ मिनिटं.

पैसे त्या या पानावर लिहीत नाहीत. इथे फक्त मिनिटं.

माळावरून आता पुण्याच्या विमानतळावर, लोहगावला जायचंय. अंतर चाळीसेक किलोमीटर. मी ताईंच्या गाडीत मागे बसलोय. पिरंगुटच्या घाटात मालवाहू ट्रकची रांग. भूगावला त्याहून मोठी. दुतर्फा लग्नाच्या कार्यालयांच्या कमानी, आणि त्यांच्या मधोमध आम्ही, पहिल्या गिअरमध्ये. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे स्फोटकं लावून पाडला, पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये नवे पूल खुले झाले. तिथे आता गाडी सुटते, पण पुढे विद्यापीठ, मेट्रोचे खांब, येरवडा. ताई घड्याळ बघून सांगतात, "दिल्लीहून पुण्याला विमान दोन तासांत येतं. तिथून पाहुण्याला हिंजवडीला न्यायला कधी कधी दीड तास. मग तो मला विचारतो, ताई, मी कुठे उतरू?"

हाच खरा प्रश्न. त्याची उत्तरं वहीच्या मागच्या पानांवर आहेत. लोहगाव. मुंबई, आणि मग द्रुतगती मार्ग. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेलं नवी मुंबईचं विमानतळ. जुहूहून हेलिकॉप्टर. आणि एक ओळ आंबी व्हॅलीची. तालुक्यातच, आंबवण्याच्या डोंगरावर त्या खासगी नगरीची स्वतःची धावपट्टी आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मालमत्ता जप्तीखाली आणली. नकाशावर पट्टी बघून पाहुणे उत्साहाने विचारतात, "हीच जवळ नाही का?" ताई त्यांना उलट विचारतात, "तिथे त्या दिवशी कोण उभं असेल?" तेल कोण देणार? आग लागली तर बंब कुठला? वाऱ्याची खबर कोण सांगणार? या तिन्हीला माणसाचं नाव मिळालं, तर पट्टी. नाही तर ती नुसती डांबराची रेघ.

मुंबईत गर्दीच्या तासांत खासगी विमानांना मज्जाव असतो. लोहगावला धावपट्टी वायुदलाची. इंग्रजांनी १९३९ साली बांधलेला हा तळ. अडीच किलोमीटरची एकच पट्टी, तीवर लढाऊ विमानं, प्रवासी विमानं आणि मग ही लहान खासगी. वेळ ठरवून मिळते. ती चुकली तर पुढची कधी, हे ग्राउंड हँडलिंगवाल्याच्या ओळखीवर नव्हे, त्याच्या कागदांच्या नीटपणावर ठरतं. उड्डाणाचा आराखडा दिला का, हवाई संरक्षणाचा मंजुरी क्रमांक आला का, माहिती केंद्राचा क्रमांक लिहिला का. परदेशी विमान असेल तर आणखी परवानग्या, आणि सीमाशुल्क, इमिग्रेशन यांना आधी वर्दी.

पावणेबारा. लोहगावचं गेट.

पासची रांग आहे. माझ्यापुढे सहा जण. एक खानावळीचा माणूस, हातात चांदीच्या कागदात गुंडाळलेले डबे. एक इंजिनिअर, त्याच्या पेटीतल्या प्रत्येक पान्याची यादी तपासली जातेय, तेवीस पाने, तेवीस खुणा. भिंतीला सावलीची एक फूटभर पट्टी उरलीय, सगळे तिच्यात पाठ लावून उभे. खिडकीतला जवान शांतपणे ओळखपत्र उलटसुलट करतो. फोटो काढायला मनाई. माझ्या छातीवर एका दिवसाचा पास लागतो, आणि आम्ही आत जातो.

तेवढ्यात सगळा आवाज संपतो. म्हणजे एकच आवाज उरतो. लढाऊ विमानांची जोडी पाठोपाठ उठते, छातीतली हाडं थरथरतात, बोलणारे सगळे आपोआप गप्प होतात आणि आवाज विरला की अर्ध्या वाक्यापासून पुन्हा बोलायला लागतात.

काँक्रीटवर ऊन साचलंय. तापमान चाळीसला टेकलंय. लोहगाव समुद्रसपाटीपासून ५९२ मीटरवर. पण या उन्हात हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या पंखाला ते साधारण साडेसोळाशे मीटरवर असल्यासारखं वाटतं. कळसूबाईच्या माथ्यावरून उडायचं, असं समजा. म्हणून वैमानिक दुपारी तेल मोजून घेतात, माणसं मोजून घेतात, नाही तर पहाटेच निघतात.

दिल्लीहून आलेलं एक पांढरं जेट वळून आत येतं. समोर एक पोरगा, विशीचा, दोन्ही हातांत नारंगी दांडे. तो ते डोक्यावर उचलतो, हळूहळू जवळ आणतो, फुली करतो. विमान थांबतं. दुसरा चाकांपुढे-मागे रबरी ठोकळे सरकवतो. चोक. तिसरा शंकू मांडतो, पंखांच्या टोकांशी, नाकाशी, शेपटीशी. मग जमिनीवरून वीज देणारी गाडी येते, २८ व्होल्टची, जाड केबल विमानाच्या पोटात खुपसली जाते. विमानाचं स्वतःचं छोटं इंजिन बंद होतं आणि एकदम कान मोकळे होतात.

ताई काही बोलत नाहीत. घड्याळ बघतात. चाक थांबल्यापासून वीज लागेपर्यंत, ४ मिनिटं.

दिल्लीत २०२० पासून अशा विमानांसाठी वेगळं टर्मिनल आहे. सोफे, कॉफी, फुलं. दरपत्रकांतही आधी तेच येतं, पहिल्या पानावर गुळगुळीत कागदावर. ताई पहिलं पान उलटून आत जातात. त्यांचे प्रश्न वेगळे. या जातीच्या विमानाचा ओढदांडा तुमच्याकडे आहे का? टो बार. प्रत्येक जातीचा वेगळा. भलताच लावला, किंवा पुढचं चाक खुणेच्या पलीकडे वळवलं, तर चाकाचा दांडा दुखावतो आणि विमान दिवसच्या दिवस इथेच अडकतं. ओढताना पंखांच्या टोकांशी चालायला दोन माणसं देता का? रात्री दोन वाजता फोन कोण उचलतं? आणि सगळ्यांत आधी, उभं करायला जागा आहे का?

कारण उतरायची परवानगी मिळते, उभं राहायची मिळत नाही, असं पुष्कळदा होतं. मग विमान पाहुण्यांना सोडतं, रिकामंच दुसऱ्या गावी जातं, संध्याकाळी रिकामंच परत येतं. त्या दोन रिकाम्या फेऱ्यांचं तेल कुणाच्या दरपत्रकात नसतं. ताईंच्या वहीत असतं.

तेलाची गाडी येते. मी या कामाजवळ बराच वेळ उभा राहतो, कारण ते बघण्यासारखं आहे. घाई नाही, बडबड नाही. आधी अग्निशामक नळकांडं खाली ठेवलं जातं. मग एक तार गाडीतून काढून विमानाला चिमट्याने जोडतात, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडणार नाही. मग काचेच्या बरणीत थोडं तेल. माणूस ती बरणी उन्हात धरून गोल फिरवतो. भोवरा उठतो, बसतो. तळाशी पाण्याचा थेंब नाही, कचरा नाही. मग सिरिंजच्या तोंडाला एक पिवळसर चकती लावून त्यातून तेल ओढतात. चकतीचा रंग बदलला नाही. पाणी नाही. तो ती चकती वैमानिकाला दाखवतो. वैमानिक वाकून बघतो, मान हलवतो. मगच नळी जोडली जाते.

मीटर लिटरमध्ये पळतो. वैमानिकाचं गणित पौंडांत आहे. मध्ये घनता, जी उन्हाप्रमाणे बदलते. आजच्या उन्हात हजार लिटर म्हणजे जेमतेम ७८५ किलो, म्हणजे सतराशे तीसेक पौंड. १९८३ च्या जुलैमध्ये कॅनडात एका मोठ्या प्रवासी विमानाला किलोच्या जागी पौंड धरून तेल भरलं गेलं आणि ते आकाशातच कोरडं झालं. वैमानिकांनी ते तसंच तरंगत एका जुन्या धावपट्टीवर उतरवलं, माणसं वाचली. इथे तेलवाला चिठ्ठीवर तीनही आकडे लिहितो, लिटर, किलो, पौंड. तिन्हीखाली सही घेतो. त्याच्या मानेवरून घाम सरळ कॉलरमध्ये उतरतोय. तो पुसत नाही, कारण हात तेलाचे आहेत.

राज्याने एप्रिल २०२३ मध्ये पुण्या-मुंबईत या तेलावरचा कर २५ टक्क्यांवरून १८ वर आणला. ताई सांगतात, त्याआधी वैमानिक शेजारच्या राज्यातून पोटभर पिऊन यायचे. आता हिशेब जवळजवळचा झालाय. तरी त्या बघतात ते बरणी. "बरणी न दाखवता नळी लावणाऱ्याकडे मी परत जात नाही," एवढंच त्या म्हणतात. यात त्यांचा आवाज किंचित चढतो. आज दिवसभरात पहिल्यांदा.

तीन वाजता पूर्वेकडे ढग फुगायला लागतात. वळवाचे. ताईंचा फोन सारखा वाजतोय. आता जे येणार आहे त्यासाठी त्या सकाळपासून आतून तयार होत होत्या, हे मला आता कळतं.

रुग्ण आहे. मुळशीतलाच, फुप्फुसं निकामी होत चाललेली, चेन्नईला न्यायचाय. दोन पंख्यांचं लहान विमान येतंय, आत पाळण्यासारखी पट्टी, ऑक्सिजन, डॉक्टर. चेन्नईला दोन तास. पण त्या दोन तासांची काळजी विमानातले डॉक्टर करतील. ताईंना काळजी आहे ती गेटपासून पंखापर्यंतच्या आठशे-नऊशे मीटरची. रुग्णवाहिका आत यायला तिचा परवाना लागतो, ड्रायव्हरचा लागतो, डॉक्टर-नर्सचा लागतो, नातेवाईक एकच. पुढे वाट दाखवणारी गाडी लागते. हे सगळे कागद काल रात्री दिलेत. तरी ताई गेटजवळ जाऊन उभ्या आहेत. आधीच्या एका वेळी, दुसऱ्या एका गावी, रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरचं ओळखपत्र घरी राहिलं होतं. बावीस मिनिटं. त्या वेळी आत किती ऑक्सिजन शिल्लक होता, ते त्या सांगत नाहीत. मी विचारतही नाही.

विमान उतरतं, वळतं, थांबतं. पंखे पूर्ण थांबेपर्यंत कुणी हलत नाही. ठोकळे, शंकू, वीज. वीज आधी, कारण आतली यंत्रं त्यावर चालतात आणि आतली हवा गार व्हायला हवी.

चार वाजून बारा. गेट उघडतं. रुग्णवाहिका सायरन न वाजवता आत येते, वाट दाखवणाऱ्या पिवळ्या गाडीच्या मागोमाग, माणूस चालेल तेवढ्या वेगाने. दार उघडतं. एक तरुण उतरतो, रुग्णाचा मुलगा असावा, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. काय करायचं हे न कळून तो ते उन्हाआड धरतो, आडव्या बापाच्या चेहऱ्यावर सावली पडावी म्हणून. तेवढ्यात तो नारंगी दांड्यांचा पोरगा धावत येतो. त्याच्या हातात मोठी काळी छत्री. ती तो उघडतो आणि स्ट्रेचरवर धरतो, स्वतः पूर्ण उन्हात राहून. त्याला कुणी सांगितलेलं नाही.

विमानाचं दार अरुंद आहे. जमिनीपासून उंच. सहा माणसं. एक जण फक्त ऑक्सिजनची नळी सांभाळतोय. डॉक्टर मोजतात, "एक, दोन..." स्ट्रेचर तिरका होतो, सरळ होतो, आत जातो. एक्स-रेचं पाकीट बाहेर राहतं. छत्रीवाला पोरगा ते उचलून मुलाच्या हातात देतो, आणि मुलाला हाताला धरून पायरीपर्यंत नेतो, पंख्याच्या बाजूने नव्हे, दुसऱ्या बाजूने, वळसा घालून.

दार लागतं. ठोकळे निघतात. शंकू उचलले जातात, पोरगा ते एकात एक घालत मोजतो. पूर्वेचे ढग आता काळे आहेत. पट्टीच्या टोकाशी विमान थांबून राहतं, कुणाची तरी वेळ आधी आहे. मग ते धावतं, उठतं आणि ढगाच्या कडेने दक्षिणेला वळतं.

पहिले थेंब काँक्रीटवर पडतात आणि तिथल्या तिथे वाळतात. मग भरभर पडायला लागतात. सगळे भिंतीकडे धावतात. ताई छपराच्या कडेला उभ्या राहून वही उघडतात. गेट, ६ मिनिटं. रुग्णवाहिका ते दार, ९ मिनिटं. एकूण, दार बंद होईपर्यंत, १७.

मग त्या त्या पोराला हाक मारतात. तो छत्री मिटत येतो, अंग भिजलेलं.

"नाव काय रे तुझं? तुझी पाळी कुठल्या कुठल्या दिवशी असते?"

तो सांगतो. ताई दोन्ही गोष्टी लिहून घेतात, मिनिटांच्या खाली.

फोन वाजतो. माळावरून नाना बोलतायत. तिकडेही पाऊस लागलाय, चुना सगळा वाहून गेलाय. परवा परत येणार असाल तर आधी सांगा, म्हणतात, म्हस बांधून ठेवतो.